किनाऱ्यालगत फिरण्यासाठी राहती होडी: वजनाच्या वहीपासून पाण्यात उतरवण्यापर्यंत

राहती होडी परवडते ती स्वस्त सामान वापरल्यामुळे नव्हे, तर ती लहान, हलकी आणि साधी ठेवल्यामुळे. प्रमाण तेच ठेवून होडीची लांबी दुप्पट केली, तर तिचे आकारमान आणि वजन आठपट होते. शीड, नांगर, साखळी, इंजिन, रंग आणि दोर यांचा खर्च लांबीच्या नव्हे, तर या वजनाच्या मागोमाग चढत जातो. हल, म्हणजे होडीचे पाण्यात तरंगणारे कवच, उभे राहिले की काम संपत आले असे नवख्या बांधणाऱ्याला वाटते; प्रत्यक्षात पैशांचा आणि श्रमांचा मोठा हिस्सा तेव्हा पुढेच असतो. अर्धवट सोडलेल्या बहुतेक होड्या याच टप्प्यावर थांबलेल्या दिसतात. म्हणून या लेखात मी सुमारे ७.५ मीटर लांबीची, दोन माणसांची, मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) यांची होडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. दिवसा किनारा धरून जायचे आणि रात्री आडोशाला नांगर टाकायचा, हे तिचे काम आहे.

बांधायला घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. केवळ होडीवर राहणे हाच हेतू असेल, तर चांगल्या अवस्थेतील जुनी फायबरग्लासची होडी घेऊन दुरुस्त करणे बहुधा स्वस्त आणि निश्चितच लवकर होते. जोशुआ स्लोकम यांनी शेतात टेकू देऊन ठेवलेली ‘स्प्रे’ ही जुनी होडी तेरा महिने खपून जवळजवळ नव्याने उभी केली आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या गरजेला नेमकी बसणारी, उथळ पाण्यात जाणारी, आणि जिची प्रत्येक फळी आपल्याला ठाऊक आहे अशी होडी हवी असेल, तरच नवी बांधणी करावी.

आधी पाणी, मग होडी

ज्या किनाऱ्यावर फिरायचे, त्याचा सागरी नकाशा उघडून आसऱ्याच्या जागा मोजाव्यात. दोन सुरक्षित जागांमधले सर्वांत लांब अंतर किती, खाडीच्या तोंडाशी ओहोटीला किती पाणी उरते, भरती-ओहोटीत किती मीटरचा फरक पडतो आणि वाईट वारा कोणत्या दिशेचा, या चार उत्तरांवरून आराखडा अर्धा ठरतो. युरोपीय नियमांत होड्यांचे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. त्यांतील किनाऱ्याजवळच्या वापराचा तिसरा वर्ग, वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा गृहीत धरतो. आपण त्या नियमांखाली येत नसलो, तरी मोजमापाचे लक्ष्य म्हणून हा वर्ग उपयोगी आहे. नोंदणीचे आणि तपासणीचे आपल्याकडचे नियमही याच वेळी वाचून घ्यावेत, कारण कवच बंद झाल्यावर आतली बांधणी तपासनिसाला दाखवता येत नाही.

चालीचा हिशेबही आताच करावा. पाण्यात बुडून चालणाऱ्या होडीचा कमाल वेग पाणरेषेच्या लांबीवर अवलंबून असतो: मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ काढून त्याला २.४३ ने गुणले की साधारण नॉट, म्हणजे तासाला सागरी मैल, मिळतात. पाणरेषा ७ मीटर असेल तर हा आकडा ६.४ नॉट येतो. प्रवासाची सरासरी ४ नॉटच धरावी. आठ तासांच्या उजेडात ३२ सागरी मैल होतात. आसऱ्याच्या दोन जागांतले अंतर याहून जास्त असेल, तर रात्रीचा प्रवास गृहीत धरावा लागेल आणि झोपण्याची, टेहळणीची व्यवस्था त्यानुसार बदलेल.

घर जमिनीवर आखा

कागदावरचे माप डोळ्यांना फसवते. म्हणून मोकळ्या जमिनीवर चिकटपट्टीने होडीची बाह्यरेषा पूर्ण मापात आखावी, खोकी आणि खुर्च्या मांडून बाक, ओटा, बिछाना उभा करावा आणि त्या रेषांच्या आत एक पूर्ण संध्याकाळ दोघांनी काढावी. झोपण्यासाठी २ मीटर लांबी आणि खांद्याशी किमान ६५ सेंटिमीटर रुंदी लागते. पायांशी ती कमी चालते. बाकावर ताठ बसल्यावर डोक्यावर छत लागू नये यासाठी बैठकीपासून साधारण १ मीटर उंची हवी. उभे राहता येईल एवढे छत मात्र या लांबीच्या होडीत सगळीकडे देऊ नये. तसे केले की केबिन खोक्यासारखी उंच होते, तिच्यावर वारा आदळतो आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. दाराशी, ओट्यापुढे, हातभर जागेत उभे राहता आले आणि तिथे छताची झडप उघडता आली, की स्वयंपाक आणि कपडे बदलणे निभते. माझ्या मते राहत्या होडीत उंचीपेक्षा सामान ठेवण्याची जागा आणि खेळती हवा यांची उणीव जास्त जाणवते.

वजनाची वही

आता एक वही घालावी आणि ती शेवटपर्यंत सोडू नये. होडीवर येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी तीन रकाने ठेवावेत: वजन, होडीच्या मध्यापासून पुढे किंवा मागे अंतर, आणि तळापासून उंची. आपल्या नमुना होडीचा हिशेब असा होईल: लाकूड, इपॉक्सी, काच-कापड आणि रंगासह हल व डेक ९०० किलो, निरम, म्हणजे तळाशी बसवलेले स्थिर वजन, ५०० किलो, डोलकाठी आणि शिडे १२०, इंजिन व इंधन ८०, नांगर आणि साखळी ७०, बॅटऱ्या ६०, आतले सुतारकाम २००, दोन माणसे १५०, पाणी १४०, धान्य-सामान ८०, कपडे, पुस्तके, अवजारे आणि सुटे भाग २००. बेरीज २५०० किलो होते. नवख्याने यात किमान दहा टक्के वाढ धरावी, म्हणजे आराखडा २७५० किलोंचा करावा.

खाऱ्या पाण्याचे एक घनमीटर सुमारे १०२५ किलो भरते, तेव्हा होडीने २.६८ घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. पाणरेषेवरचे क्षेत्रफळ १०.५ चौरस मीटर असेल, तर होडी एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे १०८ किलो लागतात. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा. २०० किलोंचे सामान सहज म्हणून चढवले की होडी जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली बसते. सामानाचे वजन एका टोकाला पडले तर त्याच टोकाला कितीतरी अधिक.

उंचीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. गुरुत्वमध्यापासून ८ मीटर उंच डोलकाठीच्या टोकाशी बसवलेले १० किलो तोलायला, अर्धा मीटर खाली तब्बल १६० किलो लागतात. म्हणून जड डोलकाठी, छतावर बांधलेले पाण्याचे कॅन आणि डेकवर रचलेली अवजारे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. निरम बोल्टने घट्ट बसवलेला असावा. सुटी वजने होडी कलल्यावर खालच्या बाजूला घसरतात आणि नेमक्या वाईट क्षणी होडीला आणखी कलवतात.

आकार आणि आराखडा

सपाट तळाची होडी बांधायला सर्वांत सोपी असते, तिला पाणी कमी लागते आणि ओहोटीला ती चिखलात सरळ बसते. तिचा दोष राहणाऱ्यालाच कळतो: नांगरावर उभी असताना लहान लाटा नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, थापा मारत राहतात आणि रात्रभर झोप लागत नाही. यावर उपाय म्हणजे पुढच्या तिसऱ्या भागात तळाला उथळ ‘व्ही’ आकार द्यावा, किंवा दोन कंगोऱ्यांचा हल करावा. वाऱ्याने आडवे वाहून जाऊ नये म्हणून मधोमध वर-खाली सरकणारी फळी बसवता येते, पण तिची पेटी केबिनची जागा खाते आणि गळतीची शक्यता वाढवते. तळाला दोन्ही बाजूंना पक्के बसवलेले दोन ठेंगणे कील, म्हणजे तळाखाली उतरणारी पाती, राहत्या होडीला अधिक सोयीचे पडतात. वाऱ्याकडे चढताना ते थोडे कमी पडतात, पण ओहोटीला होडी त्यांच्यावर उभी राहते आणि तळ खरवडायला, रंगवायला वेगळी गोदी लागत नाही.

पहिली होडी स्वतःच्या कल्पनेने रेखाटू नये, असे माझे ठाम मत आहे. अनुभवी रचनाकाराचा तयार आराखडा एकूण खर्चाच्या मानाने फारच स्वस्त पडतो, आणि फळ्यांची जाडी, बल्कहेडच्या, म्हणजे हलमधल्या आडव्या भिंतींच्या, जागा, निरम हे सारे त्यात तपासलेले असते. आतली मांडणी आपण बदलू शकतो. हलचा आकार, बल्कहेड आणि शिडाचे क्षेत्रफळ यांना हात लावू नये. आराखडा हाती आल्यावर पातळ पुठ्ठ्याचा १:१० मापाचा नमुना करावा. पुठ्ठा जिथे वळायला तयार होत नाही, तिथे प्लायवूडही वळणार नाही, हे नमुना फुकटात सांगतो.

सामान

प्लायवूड बीएस १०८८ या मानकाचे घ्यावे आणि शिक्क्यावर विसंबून न राहता प्रत्येक गठ्ठ्यातला तुकडा तासभर उकळून, वाळवून, पुन्हा उकळून पाहावा. थर सुटले तर तो गठ्ठा परत करावा. करवतीने कापलेल्या कडेत आत पोकळ्या दिसल्या, तरीही तेच करावे. फळीचा पृष्ठभाग चांगला आणि आतला थर तुटका, असा माल सर्रास मिळतो. बचत इथे करू नये; बचत आतल्या सजावटीत, नव्या चकचकीत फिटिंगमध्ये आणि यांत्रिक सोयींमध्ये करावी.

डेकवरील फिटिंगसाठी गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेले पोलाद स्वस्त आणि भरवशाचे असते. स्टेनलेस घ्यायचे तर ३१६ प्रतीचे घ्यावे, आणि ते पाण्याखाली लाकडात गाडू नये. प्राणवायू न मिळणाऱ्या ओल्या फटीत तेही आतून कुरतडले जाते. पाण्याखालच्या तोट्या साध्या पितळेच्या कधीच नसाव्यात, कारण खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि दिसायला धड असलेली तोटी हाताने मोडते. कांशाच्या तोट्या घ्याव्यात.

जोडणी

प्लायवूडचे ताव होडीच्या लांबीपेक्षा आखूड असतात, म्हणून ते तिरप्या सांध्याने जोडावे लागतात. उताराचे प्रमाण १ ला ८ ठेवावे: ९ मिलिमीटरच्या तावाला ७२ मिलिमीटरचा उतार. चार ताव पायऱ्यांसारखे एकावर एक ७२ मिलिमीटर मागे सरकवून रचले आणि सगळ्यांवरून एकदम रंधा मारला, तर प्लायवूडच्या थरांच्या रेषा सरळ पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. पट्टी वाकडी झाली की रंधा कुठे जास्त लागला ते तिथेच कळते.

त्यानंतर बल्कहेड पक्क्या पाटावर उभे करावेत. पाट समतल आहे का हे पाणी भरलेल्या नळीने पाहावे, मध्यरेषेला सूत ताणावे आणि प्रत्येक बल्कहेड ओळंब्याने तपासावा. यात घालवलेले दोन दिवस पुढचे दोन महिने वाचवतात, कारण सुरुवातीला राहिलेला पीळ नंतर कुठल्याही पुट्टीने भरून निघत नाही. बाजूंच्या आणि तळाच्या फळ्या कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने शिवत नेल्या, की होडी एका दिवसात आकाराला येते. टाके आवळण्यापूर्वी चारही बाजूंनी, लांब जाऊन, खाली वाकून तिच्याकडे बघावे.

आता इपॉक्सी. राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेले असेल तेच, वजनकाट्यावर मोजून घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर मिश्रण कायमचे मऊ राहते. मिसळलेली इपॉक्सी खोल पेल्यात ठेवू नये: सुरुवातीला पेला कोमट लागतो, मग हातात धरवत नाही, आणि पाहता पाहता धूर निघून सगळी इपॉक्सी दगड होते. तीच उथळ ताटात पसरली की उष्णता निघून जाते आणि काम करायला पुरेसा वेळ मिळतो. सांध्याच्या आतल्या कोनात लाकडाचा बारीक भुसा मिसळून लोण्याइतकी घट्ट केलेली इपॉक्सी भरावी आणि गोल टोकाच्या चमच्याने एकाच ओढीत फिरवावी. ती ओली असतानाच तिच्यावर काच-कापडाची पट्टी बसवून वरून पातळ इपॉक्सी जिरवावी. कापड पारदर्शक झाले म्हणजे ते भिजले. पांढरे ठिपके राहिले तिथे हवा अडकलेली असते.

वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो स्वच्छ पाण्याने घासून धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारू नये, नाहीतर तो थर पृष्ठभागात रगडला जाऊन पुढचा हात पकड घेत नाही. हातमोजे प्रत्येक वेळी घालावेत आणि त्वचेवर सांडलेली इपॉक्सी थिनरने पुसू नये. इपॉक्सीची ॲलर्जी साठत साठत येते आणि एकदा आली की बहुधा जन्मभर सोबत राहते. होडी अर्धी असताना ती आली तर बांधणीच थांबते. उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून बाहेरच्या प्रत्येक इंचावर रंग किंवा ऊन अडवणारे वॉर्निश हवे.

लाकूड कुजते ते बहुतेक वेळा गोड्या पाण्याने, म्हणजे डेकवरून झिरपणाऱ्या पावसाने. म्हणून डेकमधल्या प्रत्येक बोल्टसाठी आधी मोठे भोक पाडावे, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावे, आणि ती वाळल्यावर तिच्याच मध्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. उद्या बोल्टभोवतीचे सीलंट सुटले, तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. काम कंटाळवाणे आहे, आणि शंभर भोके होईपर्यंत ते सोडण्याचा मोह होतो. एकही सोडू नये.

पाणरेषेखाली भोके जितकी कमी तितके चांगले. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर असलेल्या ४ सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून मिनिटाला शंभर लीटरहून अधिक पाणी आत येते. हातपंप त्याला पुरा पडत नाही. आउटबोर्ड इंजिन आणि समुद्रात न सोडणारे कोरडे शौचपात्र ठेवले, तर अशी भोके जवळजवळ शून्यावर येतात. जे राहील त्याच्या शेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी.

शीड, इंजिन, नांगर

१९६० साली अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांनी ‘जेस्टर’ ही सुमारे ७.७ मीटरची होडी चिनी पद्धतीच्या, आडव्या पट्ट्यांच्या शिडावर ४८ दिवसांत पार नेली आणि दुसरा क्रमांक मिळवला. या शिडाला ताणाच्या तारा लागत नाहीत, ताण सर्व पट्ट्यांवर वाटला जात असल्याने साध्या कापडातून घरी शिवता येते, आणि वारा वाढला की कॉकपिटमधूनच दोर सैल करून एकेक पट्टा खाली घेता येतो. वाऱ्याच्या अगदी तोंडावर ते त्रिकोणी शिडांइतके चढत नाही. किनाऱ्यालगत घाई नसलेल्या दोघांना हा सौदा मला योग्य वाटतो, मात्र तारांशिवाय उभ्या डोलकाठीचा सगळा जोर डेकच्या भोकाशी आणि पायथ्याशी येतो, म्हणून त्या दोन जागा आराखड्याप्रमाणेच मजबूत कराव्यात.

इंजिनासाठी टनामागे ३ ते ४ अश्वशक्ती पुरे. लांब दांड्याचे आउटबोर्ड घ्यावे, नाहीतर लाटेत पंखा पाण्याबाहेर येऊन हवेतच फिरतो.

नांगराच्या दोराची लांबी मोजताना केवळ पाण्याची खोली धरणे ही नेहमीची चूक आहे. नांगर टाकताना ४ मीटर पाणी, नाळेची उंची १ मीटर आणि भरतीला वाढणारे ३ मीटर मिळून ८ मीटर होतात. त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर, ही शांत हवेतली किमान लांबी, आणि वारा असेल तर सातपट. नांगराजवळ निदान होडीच्या लांबीइतकी साखळी हवी. मुख्य नांगर आराखड्यातल्या मापापेक्षा एक माप मोठा घ्यावा आणि दुसरा, वेगळ्या प्रकारचा, तयार ठेवावा. राहत्या होडीत आपण झोपतो ते नांगराच्या भरवशावर.

वीज, पाणी, चूल

विजेचाही वजनासारखाच हिशेब मांडावा. एलईडी नांगरदिवा ३ वॅट, दहा तास, ३० वॅट-तास. व्हीएचएफ रेडिओ ६ वॅट, बारा तास, ७२. नकाशा दाखवणारा टॅब्लेट १० वॅट, सहा तास, ६०. आतले दिवे आणि फोन मिळून ४०. एकूण २०० च्या आसपास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, पण निम्मेच वापरावेत. ते तीन दिवस पुरतात. स्वच्छ उन्हात १०० वॅटचे सौर पॅनेल दिवसाला ३०० वॅट-तासांच्या आसपास देते, तेव्हा एका पॅनेलवर आणि एका बॅटरीवर भागते. फ्रिज आणला की हे गणित मोडते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत, असावा.

पाणी माणशी रोज ५ लीटर धरले, तर दोघांना चौदा दिवसांचे १४० लीटर होते. ते एका टाकीत न ठेवता निदान दोन भागांत, तळाशी आणि मध्याजवळ ठेवावे. एक टाकी नासली तरी दुसरी उरते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळलेला गॅस दाराखालून निघून जातो, होडीत तो तळाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडरची पेटी केबिनपासून पूर्ण बंद आणि तळाशी थेट बाहेर उघडणाऱ्या नळीची असावी. हे करणे शक्य नसेल तर स्पिरिटची चूल घ्यावी. पेट्रोलची टाकीही बाहेरच. चूल कोणतीही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बिछान्याजवळ लावावा.

पाण्यात उतरवणे

होडी शांत पाण्यात उतरवून एक दिवस बांधून ठेवावी आणि तळाची प्रत्येक पेटी उघडून हात फिरवावा. मग सामान चढवून कलण्याची चाचणी घ्यावी. केबिनच्या छताला १ मीटर लांबीचा ओळंबा टांगावा. तो डुलू नये म्हणून त्याचे टोक पाण्याच्या बादलीत सोडावे. दोर सैल असताना ६० किलोंचे वजन एका बाजूकडून दुसरीकडे १.६ मीटर सरकवावे. ओळंबा ५ सेंटिमीटर सरकला आणि होडीचे वजन २५०० किलो असेल, तर ६० गुणिले १.६ भागिले (२५०० गुणिले ०.०५) म्हणजे ०.७७ मीटर ही मेटासेंटरची उंची, म्हणजे कलण्याला होडी किती विरोध करते याचे माप, आली. आराखड्यातल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी निघाली, तर वहीतला उंचीचा रकाना पुन्हा तपासून वरचे वजन खाली आणावे. ही चाचणी लहान कोनातला ताठपणा सांगते. फार कललेली होडी परत सरळ होईल का, हे तिच्यातून कळत नाही. ते उत्तर रचनाकाराच्या आलेखातून घ्यावे.

पहिल्या सफरी आसऱ्याच्या नजरेत, ८ ते १० नॉट वाऱ्यात कराव्यात. शीड कमी करणे, नांगर टाकून उचलणे आणि पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेणे यांचा सराव दोघांनीही स्वतंत्रपणे करावा, कारण पाण्यात पडणारा माणूस नेहमी कमी अनुभवाचाच असेल असे नाही.

शेवटचे काम रंगाच्या ब्रशचे. नाळेवर, मागच्या टोकाला आणि मध्यभागी दोन्ही बाजूंना सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात आणि सामान भरलेल्या पहिल्या दिवसाचे सहा आकडे वहीत तारखेसह लिहावेत. दर महिन्याला शांत सकाळी त्या खुणा पुन्हा वाचाव्यात. दोन सेंटिमीटर वाढले असतील तर दोनशेहून अधिक किलो कुठेतरी जमा झाले आहेत. पेट्या उघडून, वर्षात ज्याला हात लागला नाही ते सामान किनाऱ्यावर उतरवावे.